फ्यूजचा कायमचा बंदोबस्त

आमच्या घराच्या फ्यूजचा मी एका रविवारी सकाळी कायमचा बंदोबस्त केला. काम झाल्यावर मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की स्टुलावरून उतरायचं भानच राहिलं नाही. जिन्यातल्या मीटरच्या कपाटापुढे, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, हातात पक्कड धरून मी तसाच उभा होतो. वरच्या मजल्यावरच्या बाई दुधाच्या पिशव्या घेऊन आल्या, "नमस्ते भाईसाहब" म्हणाल्या आणि मला वळसा घालून निघून गेल्या. पुतळ्यांना वळसा घालून जायची दिल्लीला सवय आहे.

बंदोबस्त असा होता. फ्यूज सारखा जात होता. म्हणून मी त्यातली बारीक तार काढून टाकली आणि तिच्या जागी एसी बसवताना उरलेल्या वायरमधली, चांगली सुतळीएवढी जाड तांब्याची तार पिळून घट्ट आवळली. "आता जाऊन दाखव," असं मी त्याला म्हणालोसुद्धा. तो गेला नाही. पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

आम्ही आर. के. पुरममधल्या जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. नवे क्वार्टर झालेत तिकडे भिंतीत बटणांची पेटी असते. भार जास्त झाला की बटण आपसूक खाली पडतं, आपण ते वर करायचं, विषय संपला. आमच्या ब्लॉकमध्ये ही पेटी बऱ्याच वर्षांपासून 'प्रस्तावित' आहे. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे मला त्या शब्दाचा अर्थ कळतो आणि मी वाट बघत नाही. आमच्याकडे अजून चिनी मातीचे पांढरे कटआऊट आहेत. ओढून काढायचा, दोन स्क्रूंच्या मध्ये नवी तार ताणून बसवायची, परत दाबून लावायचा. तार सेक्टरच्या मार्केटमध्ये पाकिटात मिळते आणि ती किती भाराची आहे ते पाकिटावर ठळक छापलेलं असतं. इतकं ठळक की न वाचायला माणूस बराच शिकलेला लागतो.

फ्यूज जायचा तो बायकोच्या घरघंटीमुळे, असं माझं मत होतं.

दिल्लीत मराठी माणसाला काय मिळत नाही, असं विचारलंत तर पुरुष मंडळी 'मान' वगैरे काहीतरी सांगतील. बायका सांगतील, भाजणी दळून मिळत नाही. नवीन आलो तेव्हा बायको थालीपिठाची भाजणी घेऊन सेक्टरच्या चक्कीवर गेली होती. चक्कीवाल्याने डब्यात नाक घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं. "मैडम, इसके बाद जिसका भी गेहूँ पिसेगा, उसकी रोटी में धनिया महकेगा. मोहल्ला मेरी जान ले लेगा." त्याचंही बरोबरच होतं. पण बायकोने ते मनाला लावून घेतलं. पुण्यात तिच्या वहिनीने नवी घरघंटी घेतल्यावर तिने जुनी मागून घेतली आणि ती रेल्वेने, गोधडीत गुंडाळून, दिल्लीला आणली. स्टेशनवर हमालाने विचारलं, यात काय आहे. मी म्हणालो, घरचंच माणूस आहे. तो हसला नाही. आजवर माझ्या विनोदाला दिल्लीत कोणी हसलेलं नाही, हे जाता जाता.

हळूहळू बातमी पसरली. आमच्या सेक्टरमधली मराठी घरं, शेजारच्या सेक्टरमधलं नागपूरचं एक कुटुंब, कॅन्टोन्मेंटमधल्या जवानांच्या घरची मंडळी, सगळ्यांचे डबे आमच्याकडे यायला लागले. ज्वारी, नाचणी, उपवासाची भाजणी, मेतकूट. व्यवहार असा काही नव्हता. प्रत्येकीच्या डब्यातलं वाटीभर पीठ आमच्याकडे राहायचं, त्यामुळे आम्ही बारा महिने नाना घरांची थालीपीठं खायचो. दिवाळी जवळ आली की फक्त चकलीची भाजणी. बायको त्या दिवसांत एखाद्या कंट्रोल रूमसारखी वागते. डब्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव, आणि सगळ्यांना एकच निरोप: धनत्रयोदशीच्या आत तुमचं पीठ तुमच्या घरी.

तिची एक शिस्त होती. घरघंटी चालू तर गीझर बंद, इस्त्री बंद, एसी बंद. मोटर चालू होताना खूप वीज ओढते, तिच्या जोडीला दुसरं काही नको, एवढंच तिचं म्हणणं. ती एकटी घरी असली की फ्यूज कधीच जायचा नाही. तो शनिवार-रविवारीच का जातो यावर मी पुष्कळ विचार केला होता. शनिवार-रविवारी मी घरी असतो, सावकाश उठतो, दसऱ्यानंतर मला गार पाणी सोसत नाही म्हणून गीझर लावतो आणि पाणी तापेपर्यंत सोमवारच्या शर्टांना इस्त्री करतो, या गोष्टी माझ्या विचारात आल्या नव्हत्या.

आता मला यातलं काही कळत नव्हतं असं म्हणाल, तर तसंही नाही. कळत होतं म्हणूनच सांगायला संकोच वाटतो. आमच्या ऑफिसच्या भवनात मी अग्निसुरक्षेचा नोडल अधिकारी आहे. नोडल अधिकारी कोणाला करायचं हे ठरवायला जी बैठक झाली तिला मी गैरहजर होतो, म्हणून मी. अग्निसुरक्षा सप्ताहात मला भाषण करावं लागलं. ते हिंदीत असायला हवं म्हणून मी लिहून काढलं, आणि माझ्या अक्षराचा कंटाळा येऊन मुलीने, ती नववीत आहे, टाईप करून दिलं. त्यात मी सांगितलं होतं की फ्यूजची तार मुद्दामच कमजोर ठेवलेली असते. घरात येणारी सगळी वीज तिच्यातून जाते. भार प्रमाणाबाहेर गेला की ती तापते, सगळ्यांच्या आधी वितळते आणि वाट तोडते. त्यामुळे मागचा फ्रिज, मोटर, भिंतीतल्या वायरी, सगळं वाचतं. तार जाड घातली तर ती वितळणार नाही, पण भार काही कमी होत नाही. मग वाटेत जे पुढचं कमजोर असेल ते जळतं. घरात फ्यूज नाही असं कधी नसतंच. तो कोणी व्हायचं एवढंच आपल्या हातात असतं. शेवटी एक वाक्य होतं: 'मोटी तार लगाना आग को न्योता देना है.' टाळ्या पडल्या. समोसे त्याच वेळी आत आले होते, पण टाळ्या पडल्या.

तर इतकं सगळं माहीत असलेला मनुष्य स्टुलावर चढला. का चढला, तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांमुळे. ते हिशेब खात्यात आहेत आणि त्यांना सगळ्या गोष्टींचा निकाल लावायला आवडतं. मी पुन्हा तार बदलताना दिसलो की ते खालून वर बघत आणि मान हलवत.

"आप भी क्या रोज़-रोज़ ये धागा बाँधते रहते हैं," ते त्या रविवारी म्हणाले. "मोटी डालिए, ज़िंदगी भर की छुट्टी."

"पर सेफ्टी का क्या?" मी म्हणालो. नोडल अधिकाऱ्याला एवढं तरी म्हणावं लागतं.

"हमने तो कब से डाल रखी है. कुछ हुआ?"

काही झालेलं नव्हतं. दिल्लीत हा युक्तिवाद सर्वोच्च मानला जातो. हेल्मेट, पावती, पत्रिका, सगळीकडे चालतो. मला तो पटला, कारण आमच्या खात्यातही अशीच पद्धत आहे. एखादा कर्मचारी सारखा उठून सांगतो की साहेब, काम झेपत नाही, भार जास्त होतोय. तर आम्ही भार मोजत बसत नाही, त्या कर्मचाऱ्याला हलवतो आणि तिथे जाड कातडीचा मनुष्य आणून बसवतो. तक्रार थांबते. फाईल बंद.

पुढचे काही दिवस आमच्या घरात सुवर्णयुग होतं. गीझर, इस्त्री आणि घरघंटी एकाच वेळी चालायची. मी अंघोळ करताना पलीकडून भाजणीचा वास यायचा आणि दिवे लुकलुकतसुद्धा नव्हते. बायकोला मात्र ते खटकलं.

"हल्ली जात कसा नाही हो तो?" तिने विचारलं.

"बंदोबस्त केलाय."

"म्हणजे काय केलंत?"

"टेक्निकल आहे."

लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बाईला 'टेक्निकल' या शब्दाची भीती वाटायला लागते. पण तेवढ्यात कॅन्टोन्मेंटमधून फोन आला आणि मी सुटलो.

फोन सुभेदारीणबाईंचा होता. आम्ही त्यांना असंच म्हणतो. त्यांचे यजमान सुभेदार, गाव साताऱ्याकडे. सुभेदारसाहेब सीमेवर होते, गेल्या दिवाळीला येऊ शकले नव्हते, त्याच्या आदल्यालाही नाही. या वेळी रजा मंजूर झाली होती. "वहिनी, धनत्रयोदशीला यायचेत ते," सुभेदारीणबाई सांगत होत्या. त्यांचा आवाज फोनपासून लांब बसलेल्यालाही ऐकू येतो. "तिकडनं एकच म्हणले, चकली घरची पायजे. मी म्हटलं, पीठ वहिनींकडं दिलंय, काळजी नगं."

"काळजी करूच नका," बायको म्हणाली. "माझा शब्द."

शनिवार उजाडला. भाजणी सगळी भाजून तयार होती. डबे स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत रांगेत. धणे निवडून द्यायचं काम आदल्या संध्याकाळी माझ्याकडे होतं आणि मी ते बातम्या बघत बघत चोख केलं होतं, असं मला वाटत होतं. पहिला डबा सुभेदारीणबाईंचा. बायकोने घरघंटीत भाजणी ओतली, बटण दाबलं, मुलीला तिथे बसवलं आणि ती करंज्यांचं सारण बघायला गॅसपाशी गेली. मी इस्त्री गरम करत ठेवून अंघोळीला शिरलो. गीझर चालू.

अंगाला साबण लावेपर्यंत घरघंटीचा आवाज नेहमीसारखा होता. मग 'खट्' असं काहीतरी झालं आणि घरघर थांबून बारीक 'ऊं ऊं' सुरू झालं.

"आई," मुलगी म्हणाली, "ही घूम नहीं रही, नुसती ऊं करतेय."

"म्हणजे?"

"आणि अच्छा, धुआँ पण येतोय."

मी साबणासह कान देऊन उभा होतो. माझ्या मनात आलेला पहिला विचार लिहितो, कारण तो लिहिला नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मनात आलं, आता फ्यूज जाईल. आणि दिवा तर डोक्यावर छान जळत होता.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तोवर बायकोने घरघंटीचं बटण बंद केलं होतं. प्लग काढायला गेली तर तो इतका तापलेला की तिला पदराने धरून ओढावा लागला. भिंतीवरचा पांढरा सॉकेट कडेने तपकिरी झाला होता, चांगल्या खरपूस टोस्टसारखा. घरघंटीतून जळक्या वार्निशचा वास येत होता आणि त्यात भाजणीतल्या जिऱ्याचा. तो वास मला पुढे बरेच दिवस ऑफिसातही येत होता.

"फ्यूज गेला नाही का?" बायको म्हणाली.

"बघतो," असं म्हणून मी त्याच टॉवेलवर जिन्यात धावलो. आता कळतं, की धावायची काही गरज नव्हती. फ्यूज कुठेही जाणार नव्हता. कटआऊट ओढून काढला. माझी तार जशीच्या तशी होती. वाकलेली नाही, काळवंडलेली नाही, नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखी झळकत होती. मागे वळलो तर बायको उभी. वरच्या मजल्यावरच्या बाई त्याच वेळी खाली उतरत होत्या. त्यांनी या वेळी जरा मोठा वळसा घेतला.

"ही कसली तार?" बायकोने विचारलं.

"मजबूत," मी म्हणालो.

मुलगी दारातून बघत होती. तिने पाठ केल्यासारखं म्हटलं, "मोटी तार लगाना आग को न्योता देना है." आणि मग, "बाबा, मैंने ही टाईप किया था. तुमचं तुम्ही वाचलं नव्हतं का?"

घरघंटी उघडल्यावर कारण सापडलं. पात्याच्या बाजूला हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. धण्यांतला. बायकोने तो माझ्या तळहातावर ठेवला. आमच्या घरी शिक्षा ठोठावताना निकालपत्र वाचत नाहीत. खडा अडकला, पातं थांबलं, मोटर अडून विजेला हिसके देत बसली. बारीक तार असती तर गीझर, इस्त्री आणि अडलेली मोटर असा तिहेरी भार बघून तिने तिथल्या तिथे जीव सोडला असता. आम्ही खडा काढला असता, तार बदलली असती आणि दुपारी जेवून दळायला बसलो असतो. तार गेली नाही, म्हणून मोटर गेली. आणि भिंतीतली वायर जाता जाता राहिली, ते बायकोने बटण वेळेवर बंद केलं म्हणून.

मग मी धावपळ सुरू केली. मोटर काढून खांद्यावर मारली आणि वाइंडिंगवाल्याकडे गेलो. त्याने ती हुंगली. दिल्लीत सगळे आधी हुंगतात. "जल गई, सर जी. तार नई लपेटनी पड़ेगी. दिवाली के बाद." मी म्हणालो, दिवाळीसाठीच हवी आहे. तो म्हणाला, सगळ्यांना दिवाळीसाठीच हवी असते, म्हणूनच दिवाळीनंतर.

तिथून पहाडगंजला गेलो. कोणीतरी सांगितलं होतं की तिथल्या गल्लीत एक मसाला चक्की आहे. चक्की होती, पण लाल मिरची दळत होती आणि मालक रडत होता. त्यात चकलीचं पीठ दळून नेलं असतं तर सुभेदारसाहेब रजा अर्धी टाकून सीमेवर परत गेले असते.

सॉकेट बदलायला कॉलनीचा इलेक्ट्रिशियन आला. त्याने माझी तार बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा मला चार शब्द सुनावणार, आणि मी ते ऐकून घ्यायची तयारी केली.

"अच्छी तार है, सर," तो म्हणाला. "कहाँ से ली?"

"एसी का बचा हुआ था."

"हम तो बालकनी में कपड़े सुखाने वाला तार डाल देते हैं. ये ज़्यादा पक्का है." मग आवाज उतरवून, "बस, कंप्लेंट में मत लिखिएगा."

मला क्षणभर बरं वाटलं. मग बायकोचा चेहरा बघितला आणि ते बरं वाटणं आवरतं घेतलं. नवीन सॉकेट बसला. तिने स्वतः मार्केटमधून फ्यूजच्या तारेचं पाकीट आणलं, स्टुलावर स्वतः चढली आणि कटआऊटमध्ये बारीक तार स्वतः बसवली. मी स्टूल धरला. ते काम मला दिलं गेलं होतं.

उरला मिक्सर.

"मिक्सरवर होईल का एवढं?" मी विचारलं.

"होईल," ती म्हणाली. "तुम्ही करणार असाल तर."

आता मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं. ते कशासाठी असतं हे मला दुसऱ्या दिवशी, रविवारी, मिक्सर घेऊन बसेपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटे, कंपनीची शोभा. चार-पाच भांडी भाजणी फिरवली की मिक्सर तापतो, भार सोसवेनासा झाला की ते बटण टक् करून बाहेर येतं आणि मिक्सर गप्प होतो. मग त्याला निवू द्यायचं, बटण आत दाबायचं, परत सुरू. घरघंटीच्या अंगी अशी काही सोय नव्हती, ती जुनी, बिचारी सगळी मदार जिन्यातल्या फ्यूजवर ठेवून होती. मी जमिनीवर बसलो होतो, मांडीत मिक्सर, डाव्या हाताला भाजणी, उजव्या हाताला पीठ, नाकात जिरं. दर थोड्या वेळाने टक्. मी त्याच्याकडे बघायचो, तो माझ्याकडे. मला त्याचा हेवा वाटायला लागला होता. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढून माझ्या बुडाशी असं बटण आलेलं नाही.

मुलीने जाता जाता बघितलं आणि म्हणाली, "बाबा, इसमें मोटी तार डाल दूँ?"

मिक्सरचं पीठ बारीक होईना. बायकोने थोडं मळून सोऱ्यात घातलं तर चकली पडता पडताच तुकडे. तिच्या कपाळावर मी ती आठी बघितली जी ती कोणाला दाखवत नाही. माझ्यावर रागावली असती तर चाललं असतं. ती पिठाच्या ताटाकडे बघत होती. सगळ्यांना तिने शब्द दिला होता, आणि त्यातल्या एकीच्या घरी दोन दिवाळ्यांनंतर माणूस येणार होता.

त्याच वेळी सुभेदारीणबाई आल्या. फोन न करता, रिक्षाने, हातात रिकामा डबा. दारातच थबकल्या. मी पिठाने पांढरा, मांडीत मिक्सर.

"भावजी, ह्ये काय मांडलंय?"

बायकोने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही, आणि मला त्यामुळे जास्त लागलं. सुभेदारीणबाई ऐकत होत्या. मी वाट बघत होतो की आता त्या डबा उचलतील आणि जातील. त्या हसायला लागल्या ते थांबेचनात.

"आवो वहिनी, आमच्या ह्यांनी गावाकडं विहिरीच्या मोटरला असंच केलं हुतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "म्हणले, मी फौजी हाय, मी बांधलेलं तुटायचं न्हाई. मोटर जळली, वायर जळली. फ्यूज अजून हाय तसाच हाय. सासूबाई कुणी पावणं आलं की नेऊन दावत्यात."

मग त्यांनी पदर खोचला आणि माझ्यासमोर बसल्या. जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा मागून घेतला, परातीवर ताणून धरला आणि त्यातून पीठ गाळायला सुरुवात केली. "बायकांनी घरघंटी नव्हती तवाबी चकल्या केल्याच की." जे गाळून खाली पडेल ते डब्यात, जे वर राहील ते पुन्हा माझ्याकडे. असं ते पीठ माझ्या मांडीवरून त्यांच्या परातीत आणि परातीतून पुन्हा माझ्या मांडीवर फिरत राहिलं. बायको भट्टीसारख्या तापलेल्या मिक्सरला ओल्या फडक्याने पुसून निववत होती. मधूनच टक् झालं की तिघंही लाल बटणाकडे बघायचो. दुसरी चकली सोऱ्यातून अखंड आली. तिसरी तेलात सुटली नाही. बायकोने ती झाऱ्यावर घेतली, हातात मोडली आणि आवाज ऐकला. कपाळावरची आठी गेली.

सुभेदारीणबाई त्या दिवशी आपला डबा भरून घेऊन गेल्या. बाकीच्यांचे मी ऑफिसातून आल्यावर रोज थोडे थोडे फिरवले. धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत रांगेतला शेवटचा डबा घराबाहेर पडला. दुसऱ्या दिवशी फोन आला. सुभेदारसाहेब पोहोचले होते. फोनपासून लांब बसलेल्या मला ऐकू आलं, "म्हणले, यंदाची चकली कडक हाय, पण मोडताना आवाज येतोय. बरी हाय म्हणले." आणि मग, "भावजींना सांगा, आमच्या ह्यांना भेटायचंय त्यांना. म्हणले, आपल्यासारखाच मानूस दिसतोय."

दिवाळीनंतर, खरंच दिवाळीनंतर, मोटर नवी तार लपेटून आली. ती जागेवर बसवली. आता फ्यूज तपासायची जबाबदारी मी हट्टाने मागून घेतली. इतकं झाल्यावर माणसाला आपण सुधारलो हे कोणाला तरी दाखवायचं असतं. बायकोने बसवलेली तार चांगली होती, पण मला ती उगाच थोडी जाड वाटायला लागली. म्हटलं, नको तो धोका. ड्रॉवरमध्ये नुसत्या दिव्यापंख्यांच्या भाराची दुसरी तार होती, सगळ्यांत बारीक, डोळ्यांना धड दिसेना अशी. ती चष्मा लावून, जपून, जवळजवळ भक्तिभावाने आवळली. नोडल अधिकाऱ्याचा पश्चात्ताप असा होता.

"लाव गं," मी स्टुलावरूनच हाक दिली.

बायकोने ज्वारी ओतली, बटण दाबलं. घरघंटीने 'घ' म्हटलं. फक्त 'घ'. कपाटात बारीकसं 'फट्' झालं, आणि घरात शांतता.

खालच्या मजल्यावरून शेजारी डोकावले. "फिर गया?" त्यांनी विचारलं. "मैंने कहा था ना." खरं म्हणजे त्यांच्यासाठी माझ्याकडे आख्खं भाषण तयार होतं, टाईप केलेलं, पण वर स्टुलावर उभं राहून ते देण्याची मला लाज वाटली.

बायको बाहेर आली. तिच्या हाताला ज्वारीचं पीठ नव्हतं, फक्त ज्वारी होती. तिने कटआऊट माझ्या हातातून घेतला, आतली केसासारखी तार बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि तिने मार्केटमधून आणलेलं तारेचं पाकीट माझ्या खिशात कोंबलं.

"भीतीनं नको आणि शहाणपणानं नको," ती म्हणाली. "पाकिटावर लिहिलंय तेवढीच घाला. आणि उतरताना बघून उतरा, खाली नाचणीचा डबा आहे."